फाईल वर गेलीच नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीत एक वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं: 'फाईल वर गेली आहे.' सरकारी कार्यालयात ते टेबलामागून ऐकू येतं, हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत ते लॅपटॉपच्या पडद्यावर 'अप्रूव्हल पेंडिंग' होऊन उमटतं. अर्थ एकच. ज्याला काम कळतं त्याच्याकडे अधिकार नाही, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे तो कामाच्या जागेपासून दोन-चार मजले तरी वर बसला आहे. या दुखण्यावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत भरपूर औषधं छापलेली असतात, बहुतेक अमेरिकेतल्या नाहीतर जपानमधल्या कारखान्यांतून आलेली. आपल्या दारातलं उदाहरण मात्र आपण दर गणपतीला आरक्षित डब्यात बसून, खिडकीतून बोगदे मोजत, ओलांडून जातो.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर. दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल, 90 च्या वर बोगदे. कोकण रेल्वेची ही आकडेवारी शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, आणि तिचं कौतुक नेहमी अभियांत्रिकीचं म्हणून होतं. ते रास्तच आहे. पण सह्याद्रीचा कातळ तर त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं फोडला जात होता. भोर घाट आणि थळ घाट इंग्रजांच्या काळातच झाले. 1990 च्या दशकात कोकणात जे नवं घडलं ते कातळापेक्षा कचेरीत जास्त घडलं.

या रेल्वेचं स्वप्न जुनं. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी हयात घालवली, बॅरिस्टर नाथ पैंनी संसदेत आवाज उठवला, मधू दंडवत्यांनी तो पुढे नेला. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर चूल पेटणाऱ्या मुलखाला रेल्वे परवडणार नाही, असं उत्तर दर वेळी मिळायचं. डिसेंबर 1989 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं आणि पत्रिका जुळली. राजापूरचे खासदार दंडवते अर्थमंत्री झाले, मंगळूरचे सुपुत्र जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. ते सरकार वर्षभरही टिकलं नाही, पण तेवढ्यात 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन नावाची स्वतंत्र कंपनी नोंदली गेली.

या कंपनीची रचना नीट पाहायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. रेल्वेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून तुटपुंज्या तरतुदी घेत हा मार्ग बांधायचा ठरवला असता तर दोन पिढ्या गेल्या असत्या. म्हणून भांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचे सहा-सहा, असं ठरलं. उरलेला मोठा पैसा करमुक्त रोखे विकून बाजारातून उभारायचा होता. रोख्यांवर व्याज असतं, आणि व्याजाला सुट्टी नसते. सरकारी प्रकल्प रखडला तर कोणाचंच काही बिघडत नाही. इथे रखडलेल्या प्रत्येक महिन्याला किंमत होती आणि ती हिशेबाच्या वहीत दिसत होती. घाई कोणाच्या स्वभावातून नव्हे, भांडवलाच्या रचनेतून आलेली होती. 'आमच्या लोकांमध्ये तातडीची जाणीवच नाही' अशी तक्रार करणाऱ्या आजच्या मॅनेजरांनी स्वतःला आधी हेच विचारावं: उशिराचा खर्च तुमच्या कंपनीत कोणाला दिसतो?

या कंपनीची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे आली. जून 1990 मध्ये ते रेल्वे बोर्डाचे अभियांत्रिकी सदस्य म्हणून निवृत्त झाले होते, वय 58. त्यांच्या नावामागे एक गोष्ट आधीपासून होती. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणारा पांबनचा पूल उद्ध्वस्त झाला. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिने ठरवले, वरिष्ठांनी तीन केले, आणि बत्तिशीतल्या या अभियंत्याने पूल 46 दिवसांत उभा केला. वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी पडलेले आहेत ही बातमी मच्छीमारांकडून मिळाली होती. देशभरातून नवे गर्डर जमवत बसण्यापेक्षा तेच वर काढून बसवायचं ठरलं. या गोष्टीत लोक 46 हा आकडा लक्षात ठेवतात. खरं तर मच्छीमार लक्षात ठेवायला हवेत. माहिती किनाऱ्यावर होती, आणि निर्णय घेणारा माणूसही किनाऱ्यावरच उभा होता.

कोकणात त्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. संपूर्ण मार्गाचे सात भाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा, प्रत्येकावर एक चीफ इंजिनिअर, आणि त्याचा मुक्काम त्या भागातच. मुख्य कचेरी नवी मुंबईत, बेलापूरला, आणि ती मुद्दाम लहान ठेवलेली. चीफ इंजिनिअरकडे नुसती जबाबदारी दिली नाही, तिच्याबरोबर खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकारही दिले.

हे वाचायला साधं वाटतं. रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला विचारलं तर त्यातली बंडखोरी कळेल. तिथली रीत अशी, की साइटवरचा इंजिनिअर प्रस्ताव लिहितो, वरचा त्यावर शेरा मारतो, त्याच्या वरचा शंका काढतो, लेखा विभाग आक्षेप घेतो, कागद परत खाली येतो. या प्रवासात कोणी वाईट नसतं. प्रत्येक जण आपल्या सहीपुरता सुरक्षित असतो, एवढंच. उद्या चौकशी लागली तर 'मी वर पाठवलं होतं' म्हणायची सोय प्रत्येकाकडे असते. श्रीधरन यांच्या रचनेत ही सोय काढून घेतली गेली. कातळ अपेक्षेपेक्षा कच्चा निघाला, नदीच्या पात्रात पाया हवा तसा लागला नाही, तर काय करायचं हे रत्नागिरीतल्या माणसाने ठरवायचं होतं, आणि ठरवलेल्या गोष्टीमागे बेलापूरच्या साहेबांनी उभं राहायचं होतं.

या करारातली दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची. अधिकार खाली सोडायला आजकाल सगळेच तयार असतात. चुकीचा निर्णय झाल्यावर आपली मान पुढे करायला फारसं कोणी तयार नसतं. 'तू ठरव' म्हणणारा बॉस आणि काम बिघडल्यावर 'मला विचारलं का नाहीस?' म्हणणारा बॉस पुष्कळदा एकच असतो. एकदा हा अनुभव आला की खालचा माणूस शहाणा होतो आणि फाईल पुन्हा वर जायला लागते.

जमिनीचं काम अभियांत्रिकीपेक्षा अवघड ठरणार अशी सगळ्यांचीच अटकळ होती. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालक, त्यात कोकणातली वाटण्या होत होत रुमालाएवढी उरलेली शेतं, एकेका सातबाऱ्यावर मुंबईत, बडोद्यात पांगलेल्या भावाबहिणींची नावं. तरीही पहिल्या वर्षाच्या आसपास बरीचशी जमीन हाती आली, कारण रेल्वे ही लोकांचीच मागणी होती. हे श्रेय व्यवस्थापनाचं नाही, निदान सगळं नाही. त्या लोकांना मिळालेला मोबदला आणि प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना नोकऱ्या देण्याचं आश्वासन यांवरून पुढे कित्येक वर्षं मोर्चे निघाले, आजही निघतात. वेगाच्या गोष्टी सांगताना हा भाग सहसा गाळला जातो.

गोव्यात तर काम थांबलंच. मार्ग किनाऱ्याजवळून, दाट वस्तीतून आणि खाजण जमिनींतून जातो, तो पूर्वेकडे आत न्यावा, अशी मागणी घेऊन आंदोलन उभं राहिलं. 1993 मध्ये केंद्राने काम रोखून आयोग नेमला. शेवटी आखलेला मार्ग बहुतांशी तसाच राहिला, पण मधल्या महिन्यांचं व्याज चालूच होतं. चीफ इंजिनिअरच्या हाती कितीही अधिकार दिले तरी गावाची संमती त्या अधिकारांत येत नाही. ती आधी मिळवावी लागते, आणि ती मिळवण्यात कॉर्पोरेशन गोव्यात कमी पडलं असंच म्हणावं लागेल.

खरी कसोटी पेडण्याला लागली.

कातळातले बोगदे लांब होते, पण सरळ होते. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. काश्मीरमधला पीर पंजालचा बोगदा होईपर्यंत देशातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा तोच. त्यासाठी स्वीडनहून हायड्रॉलिक यंत्रं आणली होती आणि काम सरकत होतं. अडचण आली ती मऊ मातीच्या नऊ बोगद्यांत. उत्तर गोव्यातल्या पेडण्याला पाण्याने भिजलेली माती नळीतून दाबलेल्या टूथपेस्टसारखी आत घुसायची. आज खणलेलं उद्या बुजलेलं. अशा ठिकाणी यंत्र चालत नाही. हाताने, इंचाइंचाने, आधार देत जावं लागतं. पेडण्याचा बोगदा दीड किलोमीटरचाच, पण सगळी रेल्वे त्याच्यासाठी अडून बसली. इथे आणि इतरत्र बोगद्यांत, पुलांवर मजुरांनी जीव गमावले. ज्या पोरांनी डोक्यावरून माती वाहिली त्यांची नावं व्यवस्थापनाच्या कुठल्याच केस स्टडीत नाहीत.

पेडण्यासारख्या जागी मुख्यालयाला करण्यासारखं फार थोडं असतं. बेलापूरहून फोन करून माती थांबत नाही. पैसा, माणसं, सल्लागार पुरवायचे आणि तिथल्या पथकाला एकटं वाटू द्यायचं नाही, एवढंच. लक्ष्य चुकतंय हे दिसत असताना ओरडा न करणं हेही नेतृत्वच, फक्त त्याचा फोटो काढता येत नाही.

लक्ष्य चुकलं, हे स्पष्ट सांगायला हवं. पाच वर्षांत पुरी व्हायची रेल्वे साडेसात वर्षांनी पुरी झाली आणि खर्चही मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे, तीन हजार कोटींवर गेला. मात्र 1993 मध्येच दोन्ही टोकांचे छोटे तुकडे सुरू केले होते: दक्षिणेला ठोकूर ते उडुपी, उत्तरेला रोहा ते वीर. वीरपर्यंतच्या गाडीचा रत्नागिरीकराला काय उपयोग, असा टोमणा तेव्हा मारला गेला असेलही. पण वर्षानुवर्षं नुसती भूमिपूजनं पाहिलेल्या लोकांना रुळावरून धावणारी गाडी दिसली. सॉफ्टवेअरवाले हल्ली जे 'छोट्या तुकड्यांत डिलिव्हरी' म्हणून शिकवतात ते याहून फार वेगळं नाही. 26 जानेवारी 1998 रोजी सलग मार्ग खुला झाला आणि 1 मे रोजी पंतप्रधान वाजपेयींनी तो राष्ट्राला अर्पण केला. मुंबई ते मंगळूर हा पूर्वीचा 41 तासांचा वळसा 15 तासांवर आला.

गोष्ट इथे संपवली तर ती यशोगाथा होते, आणि बहुतेक भाषणांत ती इथेच संपते. पण बांधणं आणि चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी रुळांवर कोसळलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक प्रवासी गेले. वर्ष भरायच्या आत, 16 जून 2004 रोजी, करंजाडीजवळ आंबोलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्सप्रेसला पुन्हा दरडीनेच गाठलं. कटिंगचे उतार फार उभे ठेवले, घाईत आणि खर्चाच्या ओढाताणीत डोंगराचा पुरेसा विचार झाला नाही, अशी टीका झाली. त्या टीकेत तथ्य आहे. वेळापत्रक गाठण्यासाठी घडवलेली संघटना ज्या गोष्टी मोजते त्या झपाट्याने सुधारते, आणि जे मोजत नाही ते डोंगरावर तसंच उभं राहतं. कोकणातला पाऊस उद्घाटनाच्या फलकावर नव्हता.

त्यानंतर कॉर्पोरेशन जे शिकलं ते तितकंच अभ्यासण्यासारखं, फक्त त्यात थरार नाही. उतार सपाट केले, दगड अडवायला लोखंडी जाळ्या लावल्या, पावसाळ्यात गस्त वाढवली, आणि गाड्यांचा वेग कमी करणारं पावसाळी वेळापत्रक लागू केलं. 160 किलोमीटर वेगासाठी आखलेल्या मार्गाने दर वर्षी काही महिने स्वतःहून हळू चालायचं ठरवलं. रात्रभर पावसात रुळ तपासत फिरणारा गस्तीवाला हा या व्यवस्थेचा कणा आहे. धोका दिसला तर गाडी थांबवणं हे त्याचं काम, आणि त्याने गाडी उगाच थांबवली असं कोणी म्हणणार नाही ही त्याची खात्री. सात चीफ इंजिनिअरांना दिलेला अधिकार इथे सगळ्यात खालच्या माणसापर्यंत पोचलेला दिसतो. पेडण्याच्या बोगद्याने मात्र हट्ट सोडला नाही. ऑगस्ट 2020 मध्ये तिथली भिंत कोसळली, जुलै 2024 मध्ये आत पाणी आलं, आणि दोन्ही वेळा वाहतूक ठप्प झाली.

स्वतंत्र संघटनेला प्रयोगाची मुभा असते, आणि प्रयोग फसतातही. जानेवारी 1999 मध्ये कोलाड ते वेर्णा मालट्रक थेट रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. ती चालली, अजून चालते. दुसरीकडे रुळाखाली लटकत धावणाऱ्या स्कायबसच्या चाचणीत सप्टेंबर 2004 मध्ये मडगावला अपघात होऊन एका अभियंत्याचा जीव गेला. तो प्रकल्प पुढे गुंडाळला गेला आणि सांगाडाही उतरवला गेला. दोन्ही कल्पना एकाच कंपनीच्या. कुठली तगेल हे आधी कळत नव्हतं.

श्रीधरन स्वतः काम संपायच्या बेताला, नोव्हेंबर 1997 मध्ये, दिल्ली मेट्रोत गेले. तिथे त्यांच्या पद्धतीला प्रसिद्धी मिळाली: कचेरीत उलटी मोजणी करणारी घड्याळं, सोमवारी सकाळी विभागप्रमुखांची बैठक, तिथे ठरलेल्या गोष्टीवर पुन्हा कागद फिरवायचा नाही, वेळेवर यायचं आणि वेळेवर घरी जायचं. 12 जुलै 2009 रोजी जमरूदपूरला बांधकाम चालू असलेला पूल पडून मजूर दगावले तेव्हा त्यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षितांनी तो स्वीकारला नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मागे घेतला. राजीनामा खरा की देखावा, यावर तेव्हा चर्चा झाली. पण पडलेल्या पुलाची जबाबदारी सगळ्यात वरच्या माणसाने सगळ्यात आधी घेतली, हे हाताखालच्यांनी पाहिलं. (2021 मध्ये ते पालक्काडमधून विधानसभेला उभे राहिले आणि थोडक्यात पडले. माणसं कामाला लावण्याची हातोटी आणि मतं मिळवण्याची हातोटी एकच नसते.)

त्यांच्याकडून कंपन्यांनी काय उचललं? घड्याळ. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी कार्यालयांत भिंतीवर डॅशबोर्ड लागले, लाल-हिरवे आकडे चमकू लागले, व्हॉट्सॲपच्या गटांवर रात्री साडेअकराला 'अपडेट?' असे संदेश येऊ लागले. घड्याळ विकत मिळतं. अधिकार वाटायचे तर स्वतःचे कमी करावे लागतात. उलट्या घड्याळाखाली बसलेल्या माणसाला पन्नास हजारांच्या खर्चासाठी तीन सह्या लागत असतील तर ते घड्याळ त्याला फक्त छळतं. शिवाय श्रीधरन यांच्या कचेरीत संध्याकाळ झाली की घरी जायचं असे, हा भाग नकलेत कोणी घेतलेला दिसत नाही.

श्रीधरन यांच्या पद्धतीची मर्यादाही तिच्यातच आहे. सात चीफ इंजिनिअर विश्वासाला उतरले, कारण ते निवडून घेतलेले होते आणि काम कधीतरी संपणारं होतं. रोजच्या, कधीच न संपणाऱ्या कामाला अशी माणसं कायम मिळत राहतील, असं धरून चालता येत नाही. तिथे नियम लागतो, लेखी अधिकार लागतो. साहेब बदलला तरी गस्तीवाल्याचा लाल दिवा चालला पाहिजे.

आणि म्हणूनच हा विषय जुना झालेला नाही. कर्जाच्या ओझ्याखाली कोकण रेल्वे वर्षानुवर्षं वाकली. मार्ग अजून बहुतांशी एकेरीच आहे. 2021 मध्ये पुरं झालेलं रोहा ते वीर हे दुपदरीकरण वगळता फारसं काही पुढे सरकलेलं नाही. मोठी गुंतवणूक स्वतःच्या बळावर शक्य नाही, म्हणून भारतीय रेल्वेत विलीन व्हायचा प्रस्ताव आला. गोवा, कर्नाटक, केरळने संमती दिली, 2025 च्या मे महिन्यात महाराष्ट्रानेही दिली, 'कोकण रेल्वे' हे नाव कायम ठेवण्याच्या अटीवर. पैशाच्या दृष्टीने विलीनीकरण बहुधा अटळ आहे आणि त्याला विरोध करण्यात शहाणपण नाही.

पण नावाची अट घालणाऱ्या राज्य सरकारने आणि कोकणातल्या खासदारांनी आणखी एक अट लेखी मागून घ्यावी. रत्नागिरी आणि कारवारच्या विभागीय व्यवस्थापकांकडे आज जे खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार आहेत, ते विलीनीकरणानंतरही कमी होणार नाहीत. जूनमधल्या रात्री दरड आली तर कोणाला विचारायचं, याचं उत्तर दिल्लीत नव्हे, रत्नागिरीतच असलं पाहिजे.